उत्तम क्षमा

लिनक्सवाल्या माणसाला मुलगी देऊ नका, असं त्रिशला मगदूम वधू-वर मेळाव्यात खुशाल माइकवरून सांगायची, आणि पहिल्या रांगेत बसलेला तिचा लिनक्सवाला नवरा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. सांगलीतल्या जैन समाजाचे मेळावे तिच्यावाचून व्हायचे नाहीत. पोरगं कसंही असू दे, दहावीला तीनदा बसलेलं असू दे नाहीतर चार माणसांत घाम फुटणारं असू दे, त्रिशलानं ओळख करून दिली की ते "शांत, मनमिळाऊ आणि कष्टाळू" होऊनच स्टेजवरून खाली उतरायचं. घरी आली की मात्र तिच्या जिभेची धार परत यायची. "दिवसभर गोड बोलून तोंड आंबतंय वो," ती म्हणायची, "घरी तरी जरा तिखट पाहिजे." आणि ते सगळं तिखट भरतेशच्या वाट्याला.

भरतेश मगदूम पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. रिटायर झाला तरी दर रविवारी मिरजेला इम्तियाज सतारमेकरच्या वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत जायचाच. इम्तियाज त्याचा जुना विद्यार्थी. खाली तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे आणि वर ही पाच-सहा माणसं कुणीतरी टाकून दिलेल्या लॅपटॉपात विंडोजच्या जागी लिनक्स घालत बसलेली असायची. घालायला अर्धा तास, आणि वायफाय का चालत नाही ते हुडकायला अर्धा महिना. कारण सोपं आहे. लॅपटॉप म्हणजे दहा कंपन्यांच्या सुट्या भागांची मोट. प्रत्येक भागाशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपन्या तो आपापल्या लाडक्या सिस्टिमसाठी देतात. लिनक्सला कोण देतो? तिथं जगभरातली हौशी माणसं त्या भागाला टोचून, डिवचून, तो काय बोलतो ते ऐकून, स्वतः ड्रायव्हर लिहितात. म्हणून लॅपटॉप घ्यायच्या आधी हे लोक एकमेकांना विचारत असतात, या मॉडेलचं जुळतंय का?

"आमच्यात पत्रिका बघतात, तुमच्यात वायफायचं कार्ड," त्रिशला म्हणायची. "आमच्यात निदान अठरा गुण जुळले तरी लग्न उभं राहतं. तुमच्यात पस्तीस जुळले तरी नवरी मुकीच!"

आणि अशा या बाईचीच वाचा गेली.

आधी मेळाव्यात "सुसंस्कृत" या शब्दावर ती अडखळली. लोक हसले, तीही हसली. मग हात गेले, मग पाय, मग गिळणं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून विझत जाणारा तो आजार. डोकं लख्ख राहतं, बाकी सगळं जातं. डोळ्यांनी अक्षरं निवडायचा कॅमेरा त्यांनी आणून बघितला होता. चार दिवसांत तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "डोळ्यांनीच बोलायचं तर मग बघायचं कशानं?" असं विचारून तिनं तो परत पाठवायला लावला. तेव्हा ती अजून थोडं बोलत होती.

त्याच सुमारास "वाचा" नावाचा लॅपटॉप बाजारात आला. आपण बोलतो तेव्हा मेंदू गळ्याच्या, जबड्याच्या, जिभेच्या स्नायूंना विजेचे बारीक इशारे पाठवतो. स्नायू दुबळे झाले, आवाज उमटेनासा झाला, तरी इशारे येतच असतात. गळ्यावर चिकटवलेली एक पातळ पट्टी ते टिपते. पण नुसता इशारा म्हणजे शब्द नव्हे, आणि प्रत्येक माणसाचे इशारे निराळे. ते शिकायला या लॅपटॉपात एक स्वतंत्र चिप होती. त्रिशलाला बोलता येत होतं तेव्हाच तिनं त्या चिपसमोर बसून वर्तमानपत्रं वाचली, वांग्याच्या भरिताची कृती सांगितली, नवऱ्याला शिव्या दिल्या. चिप शिकली. त्यानंतर रोज स्नायू जरासे विझायचे, इशारे जरासे बदलायचे, आणि चिप रोज त्यांच्या मागून एक पाऊल चालायची. असं करत तीन वर्षं गेली. शेवटी तिच्या गळ्यात जी काही थरथर उरली होती, ती डॉक्टरांच्या यंत्रालासुद्धा धड दिसत नव्हती. त्या चिपला मात्र ती कळत होती. साऱ्या जगात तिला एकटीलाच.

आणि आवाज अगदी त्रिशलाचाच! "अहो, तो शर्ट टाका आता. फरशी पुसायला घेतला तर फरशी रागवेल." खाटेवर पडल्या पडल्या असं सकाळी सुरू व्हायचं. भरतेशला वाटायचं, असंच चालू दे, बाबा. एवढं तरी राहू दे.

एका माणसाला मात्र तो आवाज सोसत नव्हता. त्यांची मुलगी प्राची. इतक्या जणांची लग्नं जुळवली, तर लेकीचं दुसऱ्या कुणी कशाला जुळवायचं, म्हणून इचलकरंजीचं स्थळ त्रिशलानंच आणलं होतं. स्टेजवरून तिनंच त्या मुलाला "निर्व्यसनी" म्हटलं होतं. तो पीत होता, आणि प्यायला की हात उगारत होता. वर्षाच्या आत प्राची माघारी आली. तेव्हा कळलं की त्रिशलाच्या कानावर आधीच कुणीतरी काहीतरी घातलं होतं, आणि "लग्नानंतर सुधारतात की" म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. प्राचीनं एकच मागितलं, "आई, एकदा फक्त म्हण, चुकलं माझं." त्रिशला म्हणाली, "मी काय मुद्दाम केलं?" झालं. प्राची बेळगावला नोकरीला गेली. आजारपणात दोनदा आली, आणि दोन्ही वेळा लॅपटॉपमधून आणि लॅपटॉपसमोर असं कडाक्याचं भांडण झालं की शेजारीण दार वाजवून गेली. मग ती यायची थांबली. बाबांना तेवढा रोज फोन करायची.

दरम्यान "वाचा"ची कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि लॅपटॉपला अपडेटचं वेड लागलं. एका सकाळी भरतेश पेपर वाचत होता. त्रिशलाची मान उशीवरून घसरली आणि श्वास कोंडला. ती हाक मारत होती, पण पडद्यावर "सुधारणा सुरू आहेत, कृपया थांबा" असं लिहिलेलं आणि एक चक्र गरागरा फिरतंय. त्यानं सहज म्हणून मान वळवली, तेव्हा ती निळी पडायला आली होती. त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला की या मॉडेलची सेवा दिवाळीपासून बंद.

"घाला एकदाचं तुमचं ते लिनक्स," त्रिशला म्हणाली. "पण आधी पत्रिका बघून घ्या."

"बघितली की! सगळं जुळतंय. त्या चिपचा ड्रायव्हरसुद्धा लिहिलाय लोकांनी. छत्तीसच्या छत्तीस."

"छत्तीस जुळले की मला भीतीच वाटते. बरं, लवकर आटपा. दूधवाल्याबद्दल बोलायचं राहिलंय."

रविवारी सकाळी त्यानं गळ्याची पट्टी काढली आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर घेतला. माणूस शिस्तीचा. डिस्कवरच्या सगळ्या माहितीची एक प्रत काढली, मग तिची आणखी एक काढली. मग लॅपटॉप बंद करून, सुरू होताना एक बटण दाबून धरून, आतल्या निळ्या पडद्यावर गेला. लिनक्सवाल्यांची हाताला बसलेली एक सवय असते. कंपनीनं यंत्रावर जी कुलपं घातलेली असतात, ती आधी काढायची. राखणदारी बंद, जुन्या डिजिटल किल्ल्या साफ, मग आपलं काम. आंघोळीआधी घड्याळ काढून ठेवावं तितक्या सहज ते हे करतात. पडद्यावर इशारा आला: यातील माहिती कायमची नष्ट होईल. असले इशारे भरतेशनं आयुष्यात शेकड्यानं बघितले होते. बंदिस्त यंत्रं माणसाला भेडसावतात, दुसरं काय, असं तो वर्गात शिकवत आला होता. त्यानं "हो" दाबलं.

लिनक्स काय झकास बसलं म्हणता! वायफाय पहिल्या झटक्यात, आवाज लगेच, आणि "स्वरचिप सापडली, सज्ज आहे" अशी ओळ. भरतेशनं एकट्यानंच टाळी वाजवली. पट्टी घेऊन तो खाटेशी गेला, त्रिशलाच्या गळ्याला लावली आणि म्हणाला, "हं, बोला बाईसाहेब. काय केलं दूधवाल्यानं?"

पट्टीचा दिवा लुकलुकला. आवाज आला नाही. पडद्यावर "त म ह ह न" अशी काहीतरी अक्षरं आली आणि गेली.

दुपारी इम्तियाज मिरजेहून आला. अर्धा तास तो पडद्यावर डोकं घालून बसला. मग जरा अडखळतच त्यानं विचारलं, "सर, आधी कीज क्लिअर केल्या होत्या का?"

"ते करतोच की आपण."

इम्तियाजनं लॅपटॉप हळूच बाजूला सरकवला.

"सर, चिप जे शिकली होती, ते डिस्कवर नव्हतं," इम्तियाज हळू आवाजात सांगू लागला. "चिपच्याच पोटात होतं, कुलपात. दुसऱ्या कुणी काकूंचा आवाज चोरू नये म्हणून. आणि त्या कुलपाची किल्ली त्या साफ केलेल्या किल्ल्यांमध्ये होती. तिजोरी अजून आहे, आतलं सगळं आहे, पण ती आता कुणालाच उघडता येणार नाही. कंपनीलासुद्धा नाही."

"मग परत शिकवू की. पहिल्यापासून."

"तेव्हा काकू बोलत होत्या, सर. आता शिकायला चिपला ऐकू काय येणार?"

भरतेश आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. त्रिशला तिकडे वाट बघत पडली होती, तिला अजून दूधवाल्याबद्दल बोलायचं होतं.

इम्तियाजनं एक तात्पुरता उपाय दिला. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीच एक अंदाजी नमुना, म्हणजे प्रोग्रॅमच, केला होता. इशारा अर्धामुर्धा कळला तरी उरलेलं तो माणसाच्या जुन्या बोलण्यावरून भरून काढायचा. फक्त जुनं ध्वनिमुद्रण हवं. ते भरतेशकडे ढीगभर होतं, वीस वर्षांच्या मेळाव्यांचं. घरातली भांडणं कोण मुद्रित करून ठेवतो? त्यानं सगळे मेळावे त्या नमुन्याला ऐकवले. प्रत्येक वाक्याच्या कोपऱ्यात यंत्र स्वतःची खात्री टक्क्यांत लिहायचं, तेवढा प्रामाणिकपणा त्यात होता.

पट्टी लावल्यावर त्रिशलाचा आवाज खोलीत घुमला, स्वच्छ, जुना. "नमस्कार. आपलं सर्वांचं मनःपूर्वक स्वागत."

भरतेश खो खो हसला. त्याला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

"आपण अतिशय मनमिळाऊ आणि कष्टाळू आहात," आवाज म्हणाला.

चौतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं बिचाऱ्यानं. क्षणभर तो विरघळलाच. "एवढं चांगलं म्हणायला असं आजारी पडावं लागलं का गं?" म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि मग पडद्याचा कोपरा बघितला. खात्री, बारा टक्के. त्यानं त्रिशलाकडे बघितलं. त्यांच्यात पहिल्यापासून ठरलेलं होतं, डोळे वर म्हणजे हो, उजवीकडे म्हणजे नाही. तिचे डोळे उजवीकडे जात होते, परत येत होते, परत उजवीकडे जात होते.

मग त्यानं सांगून टाकलं. खाटेच्या काठावर बसून, मान खाली घालून, किल्ल्या, पडद्यावरचा इशारा, "हो" दाबलं ते, सगळं. "माझ्या हातून गेलं गं, त्रिशला. तुझं बोलणं मी पुसलं. मला न वाचता दाबायची सवय."

तिच्या गळ्यावर पट्टीखालची कातडी थरथरू लागली. कितीतरी वेळ थरथरत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जिवाच्या आकांतानं काहीतरी बोलत होती. शिव्या असतील. असायलाच हव्या होत्या. यंत्रानं ते सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणालं, "आपण वेळात वेळ काढून आलात, आपले मनःपूर्वक आभार."

भरतेशनं पट्टी ओढून काढली. "बंद करू हे?" त्यानं विचारलं. तिचे डोळे वर गेले. "परत कधी लावायचं नाही?" परत वर गेले. त्यानं लॅपटॉप कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून घर मुकं झालं. हो आणि नाही एवढंच उरलं. दूध, औषध, कूस, पंखा. प्राचीला त्यानं काही सांगितलं नाही. "आई झोपलीय" म्हणायचा. लाज वाटत होती, दुसरं काय.

भाद्रपदात पर्युषण आलं, संपलं, आणि क्षमावाणी उजाडली. या दिवशी जैन माणसं एकमेकांना भेटून, फोन करून क्षमा मागतात. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी, उत्तम क्षमा. त्रिशला दरवर्षी सकाळपासून फोन घेऊन बसायची, शे-दीडशे घरं व्हायची. "गावाची क्षमा मागायला काय जातंय," ती स्वतःच हसायची, "गावाशी कुणाचं भांडण असतंय?" प्राचीशी बिनसल्यापासून लेकीचा नंबर मात्र तिनं या दिवशी कधी लावला नव्हता.

त्या सकाळी प्राचीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, उत्तम क्षमा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आईला द्या. मला तिच्याशी बोलायचंय."

भरतेश घाबरला. इतक्या दिवसांनी पोरगी आपण होऊन बोलायला आली, आणि आई मुकी! आणि ती मुकी कुणी केली, हेही सांगावं लागणार! "एक मिनिट हं," म्हणून त्यानं कपाट उघडलं. एखादा शब्द तरी खरा लागेल, अशी आशा होती त्याला. त्रिशलाच्या डोळ्यांकडे न बघता त्यानं पट्टी तिच्या गळ्यावर लावली आणि फोन तिच्यासमोर धरला.

प्राची आईकडे बघत राहिली. किती वाळली होती आई! "आई," ती एवढंच म्हणू शकली.

त्रिशलाचा गळा थरथरू लागला. आणि मग तिचा तो भरदार आवाज आला, "जाणता-अजाणता काही चुकलं असेल, तर मोठ्या मनानं क्षमा कर."

प्राचीनं तोंडावर हात दाबला. चार वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. हमसून हमसून रडली पोरगी. "आई, एवढंच पाहिजे होतं गं मला," ती म्हणत होती. "एवढंच. मी पण फार बोलले तुला. मला पण क्षमा कर. मी येते शनिवारी. येते मी."

भरतेशनं कोपऱ्यातला आकडा बघितला. नऊ टक्के. प्रत्येक मेळाव्याच्या शेवटी आभार मानताना त्रिशला हेच वाक्य म्हणायची. वीस वर्षं, जवळजवळ शब्दशः.

फोन बंद झाल्यावर त्यानं पट्टी काढली. "तू क्षमा मागितलीस का?" त्यानं विचारलं.

डोळे उजवीकडे.

"मग काय म्हणत होतीस?"

याचं उत्तर हो-नाहीत मावणारं नव्हतं. त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे बाराखडी लिहून काढली आणि ओळींवरून बोट फिरवू लागला. बरोबर अक्षर आलं की तिनं डोळे वर करायचे, मग काना, मात्रा, वेलांटी एकेक विचारायची. मधेच ती थकायची, डोळे मिटायची, तो थांबायचा. अशी सगळी दुपार गेली, तेव्हा कुठं कागदावर तीन शब्द उमटले.

केस का कापलेस.

भरतेशला आधी कळेचना. मग आठवलं. फोनवर प्राचीचे केस खरोखरच खांद्यापर्यंतच होते. एवढी लांब वेणी होती पोरीची, त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आणि या बाईनं, मरणाच्या दारात, लेक इतक्या दिवसांनी समोर आल्यावर पहिलं काय बघावं! तो हसायला लागला. हसता हसता त्यानं कपाळ खाटेच्या कडेला टेकलं. इतक्या दिवसांनी त्या घरात त्रिशला काहीतरी बोलली होती.

मग त्यानं डोळे पुसले. "ते यंत्र बोललं, तू नाहीस, हे प्राचीला सांगू?"

डोळे ताबडतोब वर.

"सांगतो. नक्की सांगतो." त्यानं कागद परत पुढं ओढला. "आणि तुला मागायची आहे का गं क्षमा? खरी? मी लिहून घेतो. कितीही वेळ लागू दे."

त्रिशलानं त्याच्याकडे बघितलं. मग तिचे डोळे सावकाश उजवीकडे गेले आणि तिथंच थांबले. भरतेशला समजेना, हे "माझं चुकलंच नाही" आहे, की "असं नको, तुमच्या हातून नको, तिच्या तोंडावर सांगीन" असं आहे. विचारायला त्यानं तोंड उघडलं, तोवर तिनं डोळे मिटून घेतले होते. फार दमली होती. उद्या विचारू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिला कफ झाला. फुप्फुसं आधीच थकलेली होती. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. डोळे अर्धवट उघडे असायचे, पण ते वर जाईनात की उजवीकडे जाईनात. भरतेश बाराखडीचा कागद समोर धरून, "त्रिशला, इकडे बघ, क का? च का?" असं विचारत राहिला. शुक्रवारी संध्याकाळी ती गेली. प्राची शनिवारी यायची होती. बाबांचा फोन गेल्यावर ती शुक्रवारीच निघाली, तरी तिला उशीर झाला.

रक्षाविसर्जन झालं, पाहुणे गेले. तिसऱ्या प्रहरी बाप-लेक त्या खोलीत बसली होती. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. इम्तियाज येऊन लॅपटॉप घेऊन गेला होता. भरतेशनंच त्याला न्यायला सांगितला होता.

"बाबा, मला फार वाईट वाटतंय, पण एका गोष्टीचं समाधान आहे," प्राची म्हणाली. "आई मोकळी होऊन गेली. मीही मोकळी झाले. ते राहिलं असतं ना, तर मला जन्मभर..."

गप्प बसायचं, असं भरतेशनं ठरवलं होतं. पण "सांगतो" म्हणून तो त्रिशलाला शब्द देऊन बसला होता, आणि तिचं हे शेवटचंच काम होतं. "प्राची," तो म्हणाला, "क्षमावाणीला आई तुला काय म्हणाली, माहीत आहे? म्हणाली, केस का कापलेस."

प्राचीनं चमकून त्याच्याकडे बघितलं आणि फसकन हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "अगदी आई! बाई गं, अगदी आई!" ती आपल्या केसांना हात लावून हसत राहिली. मग तिचं हसू सावकाश ओसरलं. "पण... मी तर ऐकलं ना. क्षमा कर म्हणाली ती."

भरतेशनं सगळं सांगितलं. किल्ल्या, चिप, मेळाव्यांचं ध्वनिमुद्रण, नऊ टक्के. एकही गोष्ट लपवली नाही. प्राची ऐकत होती आणि तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत परत चार वर्षांपूर्वीचा होत गेला, माघारी आली त्या दिवशीचा. तो बघवत नव्हता.

"म्हणजे ते यंत्र होतं," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "आणि तुम्ही तिला विचारलं नाही, बाबा? तिला स्वतःला मागायची होती का, हे तरी?"

"विचारलं."

"मग?"

भरतेशच्या डोळ्यांसमोर त्रिशलाचे ते उजवीकडे जाऊन थांबलेले डोळे आले. आयुष्यभर तो पोरांना शिकवत आला होता की जे आहे ते उघडं ठेवा, झाकलेलं यंत्र कधी ना कधी दगा देतंच. प्राची उत्तराची वाट बघत होती.

"हो म्हणाली," तो म्हणाला. "डोळे वर केले तिनं. दोनदा."

प्राची त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी, आवाज काढून. तो तिच्या आखूड केसांवरून हात फिरवत राहिला. त्रिशलानं हे ऐकलं असतं तर तिनं त्याला कधीच क्षमा केली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं एकदाही खाटेकडे बघितलं नाही.